नंदुरबार प्रांतींच्या जुन्या रुपयांवरील सराफी ठसे

१. जुन्या नाण्यांचा संग्रह करणारांस एक अडचण वारंवार पडते. रुपया हातीं येतो, त्यावरील फारसी अक्षरें लागतात, बादशहाचें नांव व टांकसाळ निश्चित होते. परंतु अक्षरांच्या मध्येंच किंवा कडेजवळ एखादें बारीक फूल, चांदणी, पान, चंद्रकोर अथवा तीन-चार टिंबें खोल उमटलेलीं दिसतात. मुद्रेच्या लेखांत हीं चिन्हें बसत नाहींत, आणि त्याच सांच्याच्या दुसऱ्या रुपयावर तीं नसतात. मग संग्राहक त्यांस कधीं अज्ञात टांकसाळीची खूण ठरवितो, कधीं एखाद्या संस्थानिकाचें लांछन मानतो, आणि बहुतेक वेळीं नाणें ‘बिघडलेलें’ म्हणून बाजूस सारतो. आमच्या मतें या चिन्हांस नाण्याचा दुसरा लेख समजलें पाहिजे. टांकसाळीचा लेख नाणें कोठें जन्मलें तें सांगतो. मागाहून पडलेले ठसे तें कोणाकोणाच्या हातून फिरलें याची साक्ष देतात. ही साक्ष घेण्याची रीत कोणती, आणि ती नंदुरबारसारख्या वाहत्या मार्गावरील प्रांतास लावली असतां काय हातीं येण्याजोगें आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

२. प्रथम प्रांताविषयीं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा निघाला. त्यापूर्वीं हा मुलूख पश्चिम खानदेशाचा भाग होता, आणि खुद्द पश्चिम खानदेश १९०६ मध्यें जुन्या खानदेश जिल्ह्याची फाळणी होऊन झाला. परंतु नाण्यांच्या दृष्टीनें जिल्ह्याच्या सीमांहून रस्त्याचें महत्त्व अधिक आहे. सुरत बंदरांतून बऱ्हाणपुरास व तेथून आग्र्यास जाणारा मोगली हमरस्ता नवापूर-नंदुरबारवरून जात असे. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० मध्यें याच वाटेनें गेला; ताव्हेर्निये या फ्रेंच जव्हाऱ्यानें नवापुरच्या सुवासिक तांदळाची आठवण लिहून ठेविली आहे; १६६६ मध्यें नंदुरबारास इंग्रजांची वखार होती. त्याआधीं नंदुरबार व सुलतानपूर हे परगणे गुजरातचे सुलतान आणि खानदेशचे फारुकी यांच्या सरहद्दीवर पडत. अकबराच्या वेळीं ‘आइन-इ-अकबरी’नें नंदुरबार ही माळवा सुभ्यांतील एक सरकार म्हणून नोंदली.

अशा ठिकाणीं एकाच टांकसाळीचें नाणें चालेल हें संभवत नाहीं. पश्चिमेकडून सुरती रुपया येई, पूर्वेकडून बऱ्हाणपुरी. दक्षिणेस बागलाणांत मुल्हेर येथें तेथील राजे अकबराच्या नांवानें महमुदी नांवाचें लहान चांदीचें नाणें पाडीत, व तें सुरतेच्या बाजारांतहि चाले. १६३८ मध्यें औरंगजेबानें बागलाण घेतल्यावर तें राज्य संपलें. पुढें मराठी अमलांत चांदवडच्या टांकसाळीचा, म्हणजे जाफराबाद उर्फ चांदोर असा लेख असलेला, चांदोरी रुपया खानदेशांत पसरला. इतक्या प्रकारचीं नाणीं जेथें एका पेढीवर एकत्र येतात, तेथें पारख करणाऱ्या सराफावांचून व्यवहार चालणें शक्य नव्हतें.

३. सराफानें रुपयावर घाव कां घालावा, हें समजण्यास जुन्या चलनाची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. मोगली टांकसाळ खुली असे. व्यापारी आपली चांदी नेऊन देई आणि ठरीव मजुरी भरून रुपये पाडून घेई. रुपया सुमारें साडेअकरा ग्रॅम वजनाचा व उंची कसाचा असे, आणि त्याची किंमत मुख्यतः त्यांतील चांदीवर अवलंबून राही. चालू वर्षाचा रुपया ‘सिक्का’ म्हणून पुऱ्या भावानें चाले. मागील वर्षांचा ‘चलनी’ होऊन त्यावर वटाव, म्हणजे कसर, बसे. गेलेल्या बादशहांच्या रुपयास ‘खजाना’ म्हणत. बंगालमध्यें तर तिसऱ्या वर्षानंतर रुपया ‘सनवात’ होऊन उतरत्या भावानें घेतला जाई. पुढें या घोळास आळा घालण्यासाठीं कंपनी सरकारनें बंगालच्या रुपयावर शहा आलमचें १९ वें जुलूस वर्ष, म्हणजे राज्यारोहणाचें वर्ष, आणि सुरती रुपयावर ४६ वें वर्ष कायमचें गोठवून ठेविलें. अखेर १८३५ च्या कायद्यानें १८० ग्रेन वजनाचा, बारांत अकरा भाग शुद्ध चांदीचा, यंत्रावर पाडलेला एकच रुपया कंपनीच्या सर्व मुलखांस लागू झाला.

या दीर्घ काळांत प्रत्येक रुपया म्हणजे एक लहानसा संशय होता. सराफ तो दगडावर आपटून आवाज ऐके, कसोटीवर घांसून रंग पाही, कांट्यांत तोली. पण आंत तांबें व वरून चांदीचा पत्रा असा खोटा रुपया या तिन्ही परीक्षांतून कधींकधीं निसटून जाई. त्यास उघडें पाडण्याचा उपाय म्हणजे पोलादी ठशाचा घाव. घाव पत्र्याच्या खालीं गेला कीं तांबूस पोट दिसे. आणि घाव घालावयाचाच, तर ठशाच्या तोंडावर आपलें चिन्ह कोरलेलें असलें म्हणजे तोच रुपया पुन्हा आपल्या पेढीवर आला असतां परीक्षेचा खटाटोप वांचे. तांब्याच्या शिवराईवर असे ठसे क्वचितच दिसतात, कारण इतक्या हलक्या नाण्यासाठीं पारखीचे श्रम कोणास परवडत नसत.

ही चाल केवळ हिंदुस्थानची नव्हे. चीनमधील व्यापारी स्पॅनिश डॉलरवर आपापले ठसे उठवीत. एकेक डॉलर ठशांनीं इतका भरून जाई कीं मूळ राजाचें मुख ओळखूं येऊं नये. खुद्द बँक ऑफ इंग्लंडनें १७९७ मध्यें चांदीच्या टंचाईमुळें स्पॅनिश डॉलरवर तिसऱ्या जॉर्जच्या मुखाचा बारीक ठसा मारून ते चालविले. मात्र सराफाचा ठसा ‘मीं पारखिलें’ एवढेंच म्हणतो, तर सरकारचा ठसा ‘हें माझें नाणें झालें’ असें म्हणतो. हा भेद न केल्यानेंच पुष्कळ चुकीचे निर्णय होतात.

४. तेव्हां कोणतेंहि अपरिचित चिन्ह पुढें आलें असतां तें पुढील चार वर्गांपैकीं कोणत्या वर्गाचें आहे हें आधीं ठरविलें पाहिजे.

(अ) टांकसाळीचें अंगचें चिन्ह. हें सांच्यांत कोरलेलें असतें, म्हणून नाण्यावर उठावाचें येतें. लेखाच्या संबंधानें त्याची जागा ठरलेली असते व त्या सांच्याच्या सर्व नाण्यांवर तें त्याच जागीं भेटतें. पुण्याच्या, म्हणजे मुहियाबाद टांकसाळीच्या, अंकुशी रुपयावरील अंकुश या वर्गाचा आहे. रुपयास नांवच त्या चिन्हावरून पडलें. नवशिका त्यास सराफी ठसा समजतो. पण दोन अंकुशी रुपये शेजारीं ठेविले कीं भ्रम फिटतो.

(आ) सराफी ठसा. हा नाणें पाडून झाल्यावर मारलेला असल्यामुळें खोल असतो; कधीं खोल चौकटीच्या आंत आकृति उठावाची असते. त्यास जागा ठरीव नाहीं. अक्षरें तोडून तो मध्येंच बसतो. याची सर्वांत खात्रीची खूण नाण्याच्या उलट बाजूस सांपडते. घावाच्या वेळीं नाणें ऐरणीवर असतें, म्हणून ठशाच्या बरोबर मागें असलेलीं अक्षरें चेपून सपाट होतात. ही चेप नसेल तर चिन्हाविषयीं संशय घ्यावा.

(इ) राजसत्तेचा पुनर्मुद्रित शिक्का. हा आकारानें मोठा असून बहुधा दोन्ही बाजूंस पडतो, आणि त्याखालून जुन्या मुद्रेचे अवशेष डोकावतात.

(ई) सोनाराचा किंवा मालकाचा घाव. नंदुरबार जिल्ह्यांत याचें प्रमाण विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदें या भागांतील भिल्ल व पावरा स्त्रियांच्या अंगावर चांदीच्या रुपयांच्या माळा असत, आणि अजूनहि त्या कोठें कोठें आढळतात. अशा रुपयास कडी डाखलेली किंवा भोंक पाडलेलें असतें. कडी निघाल्यावर डाखाचा खरबरीत डाग कडेस उरतो. त्यास ठसा म्हणूं नये. परंतु असा रुपया टाकूनहि देऊं नये. माळेंत गेल्या दिवसापासून तो बाजारांतून उठला. त्यावरील सराफी ठसे त्यापूर्वींचेच असण्याचा संभव फार. एका अर्थानें माळ हा छोटासा निधिच होय.

५. तिसऱ्या वर्गाचें सर्वांत भव्य उदाहरण महाराष्ट्रांतच सांपडलेलें आहे. १९०६ मध्यें नाशिकजवळील जोगळटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा मोठा निधि निघाला, रे. स्कॉट यांनीं त्याचें वर्णन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत १९०८ मध्यें प्रसिद्ध केलें. एकंदर नाणीं १३,२५० होतीं व मूळचीं तीं सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याच्या मुद्रेचीं. एका बाजूस राजाचें मुख व भोंवतीं ग्रीक अक्षरें, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. त्यांपैकीं ९,२७० नाण्यांवर, म्हणजे शेंकडा ७० वर, गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत व भोंवतीं त्याच्या नांवाचा लेख, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह. आणि खालून नहपानाचें नाक, ओठ, एखादें ग्रीक अक्षर डोकावतें.

नाशिकच्या लेण्यांत बलश्रीच्या लेखांत गौतमीपुत्रानें क्षहरात वंश निर्मूळ केला असें म्हटलें आहे. प्रशस्तींतील वाक्यास अतिशयोक्तीचा दोष देतां येतो. नऊ हजार नाण्यांवरील घावास तो देतां येत नाहीं. कोणता राजा आधीं व कोणता मागाहून, याचा निकाल एका मुद्रेवर दुसरी मुद्रा पडल्यानें लागला. ठशानें इतिहास ठरतो तो असा. पण याच निधींत दुसराहि एक धडा आहे. उरलेल्या ३,९८० नाण्यांवर नवा शिक्का नव्हता आणि तरीहि तीं त्याच ठेव्यांत होतीं. राजाज्ञेनें झालेलें पुनर्मुद्रणसुद्धां सर्व नाण्यांस पोंचत नसे. मग खाजगी सराफाचा ठसा नाण्यावर नाहीं एवढ्यावरून तें त्या बाजारांत गेलेंच नाहीं असें अनुमान काढणें सर्वथा अयोग्य होय. असलेल्या ठशावरून बोलावें. नसलेल्यावरून बोलूं नये.

६. ठशांच्या संख्येवरून कांहीं निघतें काय? या प्रश्नास शास्त्रीय वळण देण्याचा मान प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांजकडे जातो. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवीत असतां त्यांनीं १९४० च्या सुमारास तक्षशिलेच्या निधींतील आहत नाणीं, म्हणजे चिन्हें ठोकून पाडलेले प्राचीन चांदीचे कार्षापण, एकेक करून तोलण्यास आरंभ केला. या नाण्यांच्या पुढील बाजूस साधारणतः पांच मोठीं चिन्हें असतात व मागील बाजूस बारीक चिन्हें कमीअधिक संख्येनें पडलेलीं असतात. कोसंबींस आढळलें कीं, मागील चिन्हांची संख्या जसजशी वाढते तसतसें नाण्यांचें सरासरी वजन घटत जातें. घाव घातल्यानें धातु सरकते, नाहींशी होत नाहीं. तेव्हां वजनाची ही घट घावामुळें नसून हाताळण्यानें झालेल्या झिजेची आहे. ठसे व झीज हीं दोन्ही काळाचीं मापें असल्यामुळें तीं बरोबरीनें चालतात.

हीच तुलना मोगली व मराठी रुपयांवर करण्यास हरकत नाहीं. किंबहुना येथें टांकसाळीचें वर्ष लेखांतच असल्यामुळें ती अधिक सोपी आहे. मात्र एकदोन रुपयांवरून कांहीं निघणार नाहीं. एका ठिकाणचीं निदान शेंपन्नास नाणीं तोलून, प्रत्येकावरील ठसे मोजून कोष्टक मांडलें तरच सरासरीस अर्थ येतो. शिवाय सुरती रुपयांत जेथें ‘सन ४६’ गोठवून ठेविलें आहे तेथें लेखांतील वर्ष हें पाडण्याचें वर्ष नव्हे, हें विसरतां कामा नये.

७. आतां आमचा मुख्य मुद्दा. एकट्या रुपयावरील एकट्या ठशावरून तो कोणत्या गांवच्या सराफाचा हें सांगणें केवळ तर्क होय. फूल व चांदणी हीं चिन्हें हिंदुस्थानभर आढळतात. परंतु एकाच ठिकाणच्या, निरनिराळ्या टांकसाळींच्या रुपयांचा एकत्र विचार केला तर हाच तर्क प्रमाणाच्या जवळ जातो. समजा, शहादें तालुक्यांतील एका जुन्या घरांत एकाच गांठोड्यांत सुरत, बऱ्हाणपूर व चांदवड या तिन्ही टांकसाळींचे रुपये आहेत. त्यांवर एकच ठसा तिन्ही प्रकारच्या नाण्यांवर पडलेला आढळला, तर तो ठसा त्या तिन्ही प्रवाहांच्या संगमावर, म्हणजे याच प्रांतांत किंवा याच रस्त्यावरच्या पेठेंत, पडला असण्याचा संभव बळकट होतो. उलट एखादा ठसा केवळ सुरती रुपयांवरच असेल व इतरांवर मुळींच नसेल, तर तो रुपया पूर्वेकडे निघण्याआधींच, गुजरातेच्या बाजूस, पडला असावा असा कल दिसेल. तात्पर्य, ठशाचें गांव एकट्या नाण्यावरून शोधण्यापेक्षां नाण्यांच्या संगतींतून शोधावें.

येथें ‘एकच ठसा’ याचा अर्थ नेमका घेतला पाहिजे. एकाच आकृतीचे दोन ठसे निरनिराळ्या हातांचे असूं शकतात. पाकळ्यांची संख्या, चिन्हाची रुंदी, एखादी तुटकी पाकळी, कडेचा चिरा हे दोष जुळले तरच तें एकाच हत्याराचें काम समजावें. पोलादी ठसाहि झिजतो. नव्या ठशाचें टोंकदार चिन्ह व झिजलेल्याचें बोथट चिन्ह यांवरून घावांचा क्रम लागतो. दोन ठसे एकमेकांवर पडले असतील तर ज्याची कडा अखंड तो मागाहूनचा. काळाच्या बाबतींतहि एक साधा नियम आहे. कोणताहि ठसा ज्या ज्या नाण्यांवर आढळतो त्यांतील सर्वांत अलीकडच्या नाण्याच्या पूर्वीं त्याचा वापर थांबलेला नसतो. औरंगजेबाच्या रुपयावरील ठसा औरंगजेबाच्या काळचाच असला पाहिजे असें मुळींच नाहीं. तोच ठसा शहा आलमच्या रुपयावर भेटला तर त्याचा उपयोग निदान तेथपर्यंत चालू होता हें सिद्ध होतें.

८. या परीक्षेस दोन गोष्टी घातक आहेत. पहिली, साफसफाई. चिंच, रांगोळी किंवा तेजाब लावून घांसलेल्या रुपयाच्या ठशांतील जुना थर निघून जातो, आणि ठसा जुना कीं कालचा हें ओळखण्याचें साधनच नाहींसें होतें. खऱ्या जुन्या ठशाच्या खोलगट भागांत बाहेरच्या पृष्ठभागाशीं मिळता काळसर थर असतो. ताज्या घावांत धातु चकाकते. दुसरी घातक गोष्ट म्हणजे ठसे भरून काढणें. बिनठशाच्या रुपयास बाजारांत अधिक किंमत येते म्हणून कांहीं विक्रेते खोलगट जागा घांसून किंवा चांदी भरून सारख्या करितात. अशा रुपयाचा दर्शनी भाग सुधारतो खरा, पण उलट बाजूची चेप तशीच राहते व लबाडी उघडी पडते. संग्राहकांनीं ठशांच्या रुपयास कमी लेखण्याचें सोडलें तर हा उद्योग आपोआप बंद पडेल. याहून मोठी हानि आटणीच्या मुशींत होते. चांदीचा भाव चढला कीं खेड्यांतील माळा मोडल्या जातात, आणि त्यांतील रुपयांची कोणतीहि नोंद न होतां ते वितळतात.

९. म्हणून आमची सूचना पुढीलप्रमाणें आहे. ज्यांच्या संग्रहीं या प्रांतांतील ठशांचे रुपये असतील त्यांनीं तीं नाणीं जशींच्या तशीं ठेवून प्रत्येकाची एक ओळ नोंदावी: टांकसाळ, बादशहा व वर्ष, वजन, ठशांची संख्या, त्यांचें रेखाटन मिलिमीटरच्या मापासह, आणि मुख्य म्हणजे नाणें कोणत्या गांवांतून व कोणत्या नाण्यांच्या सोबतीनें मिळालें. शेवटली बाब गेली तर बाकीच्या सर्व बाबींचें मोल निम्म्यानें उतरतें. नाणें जमिनींतून निघालें असल्यास १८७८ च्या निखात-निधि कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील किमतीच्या ठेव्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणें आवश्यक आहे. ती दिल्यानें निधि एकत्र राहतो व त्याची नोंद होते, हा संशोधनाचा लाभच आहे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांसहि एक विनंती आहे. जुन्या पेढ्यांच्या रोजमेळ व खतावण्या मोडीच्या रुक्ष बाडांप्रमाणें दुर्लक्षिल्या जातात. परंतु त्यांत जमाखर्चाच्या ओळींत रुपयाची जात व त्यावरील वटाव नोंदण्याची चाल होती. कोणत्या पेठेंत कोणत्या जातीचा रुपया किती कसरीनें घेत हें त्यांवरून कळतें. आणि एखाद्या वहीच्या समासांत पेढीचें चिन्ह आढळलें तर तें रुपयांवरील ठशांशीं ताडून पाहणें अगत्याचें आहे. नाणें व कागद या दोहोंचा असा मेळ एका तरी पेढीच्या बाबतींत बसला, तर आज निनांवी असलेल्या शेंकडों ठशांपैकीं निदान एकास गांव, काळ व धनी लाभेल. तोंवर प्रत्येक ठसा जपून ठेवावा व त्याच्या अर्थाविषयीं घाई करूं नये.